दिवाळीच्या सुट्टीतले साबणाचे फुगे: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची छोटी बालवाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बांधून झाला, मावळे मांडून झाले, लवंगी सर संपली की चार-पाच वर्षांच्या पोरांना दुपारी करायला काही उरत नाही. मग आम्ही अंगणात बादली मांडतो आणि साबणाचे फुगे काढतो. त्यानंतर आठवडाभर पालकांचे, आणि त्याहून जास्त आजी-आबांचे प्रश्न येत राहतात. तेच इथं एकत्र केले आहेत.

फुगे उडवणं हा नुसता खेळ. यात विज्ञान कुठं आलं?

फुगा फुटायच्या आधी मूल जे बोलतं, त्यात आलं. एक उदाहरण सांगते. दिवाळीत घरोघरी चकलीचा सोऱ्या बाहेर निघालेला असतो. त्याची चांदणीच्या भोकाची चकती घ्यायची, द्रावणात बुडवायची, आणि फुंकण्याआधी पोरांना विचारायचं, "फुगा कसा येईल रे?" सगळी एका सुरात सांगतात, "चांदणीचा!" फुंकलं की येतो गोल. पुन्हा फुंकलं, पुन्हा गोल. मग शंकरपाळ्यासारखा तारेचा चौकोन करून बघायचा, बदामाचा आकार करून बघायचा. एका पोरानं हिरमुसून म्हटलं होतं, "बाई, हे तर गोलच येतंय की ओ!" हे त्याचं त्यानं शोधलेलं होतं, मी शिकवलेलं नव्हतं.

आपण फक्त एवढंच करायचं: फुंकण्याआधी अंदाज विचारायचा आणि उत्तर चुकलं तरी गप्प बसायचं. गप्प बसणंच मोठ्यांना जमत नाही. चांदणीचा फुगा येणार नाही हे आधीच सांगून टाकलं की मुलाच्या हातात उरते ती नुसती फुंकर.

द्रावण कसं करायचं?

सहा वाट्या पाणी, एक वाटी भांडी घासायचं लिक्विड आणि मोठे दोन चमचे ग्लिसरीन. ग्लिसरीन मेडिकलच्या दुकानात मिळतं. आधी पाणी, मग लिक्विड, शेवटी ग्लिसरीन असा क्रम ठेवा आणि चमच्यानं हलक्या हातानं ढवळा. फेस येऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मी उत्साहानं ताकाच्या रवीनं घुसळलं आणि बादलीभर फेस झाला. त्या दिवशी फुगा एक नाही, पोरं मात्र फेसाच्या दाढ्या लावून खूश.

झाकण ठेवून द्रावण रात्रभर मुरू द्या. आमच्या अनुभवात दुसऱ्या दिवशीचे फुगे मोठे येतात. निदान वरचा फेस तरी तेवढ्यात बसतो.

अंगाचा साबण किसून चालेल का?

चालेल, पण बोअरच्या पाण्यात नाही. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून पांढरा साका धरतो, बाथरूमच्या बादलीला बसतो तोच. फुग्यासाठी मग साबण उरत नाही. भांड्यांच्या लिक्विडला हा त्रास फारसा होत नाही. घरी बोअरच असेल तर पिण्याच्या पाण्यातलं दोन तांबे घ्या.

ग्लिसरीनऐवजी साखर? आणि आपला गूळ?

साखर चालते. साखर आणि ग्लिसरीन दोन्ही पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फुग्याचा पापुद्रा लवकर सुकत नाही. दोन चमचे साखर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घाला. गुळाचा प्रश्न कोल्हापुरात येणारच, दरवर्षी एखादे आबा विचारतातच. करून पाहिलंय. पाक गाळून घेतला तर फुगे येतात, पण द्रावण तपकिरी होतं, नव्या कपड्यांवर डाग पडतात आणि तासाभरात उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागते. गूळ करंजीत घाला.

रिठा वापरला तर? तो नैसर्गिक असतो ना?

रिठ्यात सॅपोनिन नावाचं फेस आणणारं द्रव्य असतं. पैठण्या आणि दागिने त्यानंच धुतले जायचे. सालं भिजवून, उकळून, गाळून घेतली की फेस भरपूर येतो, छोटे फुगेही येतात, पण मोठा फुगा धरत नाही. शिवाय रिठा डोळ्यांत गेला तर साबणापेक्षा जास्त झोंबतो. नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं तरी फुगे होत नाहीत. काय चुकतंय?

दिवाळीत नव्वद टक्के वेळा तेल. हा आकडा माझ्या अंगणातला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही. सोऱ्याची चकती नुसती पुसून आणलेली असते. झारा कढईतून निघालेला असतो. पोरांच्या हाताला सकाळच्या अभ्यंगाचं तेल असतं, नाहीतर आत्ताच खाल्लेल्या चकलीचं. तेलाचा बारीक थेंब साबणाच्या पापुद्र्यात शिरला की तिथंच तो विरतो आणि फाटतो. भांडी, हात, स्ट्रॉ सगळं आधी लिक्विडनं धुवा, मग बघा.

अर्थात, यातूनच एक छान प्रयोग निघतो. दोन चकत्या घ्या, एक धुतलेली, एक तेलाचं बोट लावलेली. पोरांना यातली कुठली कुठली आहे ते सांगू नका, ओळखायला लावा.

दुसरं कारण बादलीच्या तोंडावरचा फेस. तो हातानं काढून टाका. तिसरं कारण जोरात फुंकणं. मूल वाढदिवसाची मेणबत्ती विझवतात तसं फुंकतं. त्याला सांगा, "गरम चहावर फुंकतोस ना, तसं."

कोणत्या वेळेला खेळावं?

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. कोरड्या हवेत, उन्हात पापुद्र्यातलं पाणी पटकन उडून जातं. दिवाळीच्या दिवसांत पहाटे दव असतं, हवा ओली असते, तेव्हाचे फुगे दुपारच्यापेक्षा जास्त टिकतात. खरा हंगाम मात्र आपल्याकडचा पावसाळा. आषाढात झड लागली असताना सोप्यात उभं राहून फुगा काढून बघा, तरंगत तरंगत शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो. मे महिन्यात तोच फुगा अंगण ओलांडत नाही. वारा जोराचा असेल तर खेळ थांबवून सरळ पत्त्यांचा बंगला करा.

किल्ल्यावर काही करता येईल का?

हा आमच्याकडचा सगळ्यात लाडका खेळ. किल्ल्याच्या पायथ्याशी एक स्टीलचं ताट ठेवा आणि त्यात द्रावण पसरून ते पूर्ण ओलं करा. स्ट्रॉचं टोक ताटाला टेकवून हळू फुंकलं की अर्धा फुगा घुमटासारखा उभा राहतो. आता एक प्लास्टिकचा मावळा द्रावणात पूर्ण बुडवून घ्या आणि घुमटात अलगद खाली सोडा. घुमट फुटत नाही, मावळा आत जाऊन उभा! हाच मावळा कोरडा असेल तर टेकताक्षणी घुमट गेला. मातीचे मावळे वापरू नका, कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांचा रंग सुटतो आणि मग घरात रडारड.

मावळ्यानंतर बोट. द्रावणात बुडवलेलं ओलं बोट घुमटात अलगद घालता येतं. कोरडं बोट लागलं की फटक्. इथंही अंदाज आधी विचारायचा: "ओलं घालू की कोरडं? काय होईल?" पाच वर्षांची मुलं दोन-तीनदा करून स्वतःच नियम सांगतात: "ओल्याला आत सोडतंय." ओलं बोट पापुद्र्याचाच भाग होऊन जातं, कोरड्या बोटाला टेकला की पापुद्रा तिथं तुटतो. पण मुलाचं वाक्य जास्त चांगलं आहे, त्याच्यावर आपलं वाक्य लादू नका.

घुमटाच्या आत स्ट्रॉ घालून दुसरा घुमट, त्यात तिसरा. आमच्या पोरांनी याला "बालेकिल्ला" असं नाव दिलंय.

फुग्यावर रंग कुठून येतात? पाण्यात तर रंग घातला नाही.

हा प्रश्न मुलं विचारतात आणि पालक माझ्याकडे बघतात. आधी मोठ्यांसाठी. साबणाचा पापुद्रा पुरणपोळीसारखा असतो: वर साबणाची पारी, खाली साबणाची पारी, मध्ये पुरण म्हणजे पाणी. सगळी पोळी मिळून जाडी केसाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. प्रकाश वरच्या पारीवरून परततो, खालच्या पारीवरूनही परततो. हे दोन परतलेले किरण एकमेकांत मिसळताना काही रंग जोर धरतात, काही एकमेकांना मारतात. कोणता रंग दिसणार हे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. न्यूटननं १७०४ साली छापलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात साबणाच्या फुग्यावरच्या या रंगांची नोंद केली आहे.

मुलांसाठी फक्त बघणं. एक मोठी प्लास्टिकची किंवा धातूची बांगडी द्रावणात बुडवा आणि खिडकीच्या उजेडात उभी धरा. काचेची नको. थोड्या वेळानं आडवे पट्टे दिसतात आणि ते खाली सरकत जातात, कारण पोळीतलं पुरण खाली उतरत असतं. वरचा भाग पातळ होत होत रंग जातात आणि शेवटी वर काळपट, रंग नसलेली पट्टी येते. ती आली की पडदा फुटायला आलाय. पोरांना दोनदा दाखवा. तिसऱ्यांदा ती स्वतःच ओरडतात, "आत्ता फुटणार बघा!" आणि फुटतो. ज्योतिषालासुद्धा एवढं अचूक सांगता येत नाही.

लिक्विड हिरवं, मग फेस पांढरा का?

प्रश्न विचारणारी साडेचार वर्षांची होती, हे मुद्दाम सांगते. फेस म्हणजे हजारो बारीक फुगे. प्रत्येकाच्या भिंतीवरून उजेड उडतो, सगळ्या दिशांना, सगळे रंग मिळून. ते सगळं मिळून पांढरं दिसतं. आणि त्या पातळ भिंतींत हिरवा रंग इतका थोडा असतो की जाणवत नाही. तिला मी साखर दाखवली: एक खडा काचेसारखा, मूठभर साखर पांढरी. ती म्हणाली, "म्हणजे मीठ पण." बरोबर.

चौकोनी फुगा खरंच होतो का?

होतो, पण ते मोठ्यांनी करून दाखवायचं काम आहे. आकाशकंदिलाचा सांगाडा करतो तसा तारेचा किंवा स्ट्रॉ जोडून घनाचा सांगाडा करा, हाताच्या मुठीपेक्षा थोडा मोठा. खोल भांड्यातल्या द्रावणात पूर्ण बुडवून बाहेर काढा. पापुद्रे बाहेरच्या बाजूंवर राहत नाहीत, सगळे आत मधोमध खेचले जातात आणि तिथं एक छोटा सपाट पडदा दिसतो. ओल्या स्ट्रॉनं त्या पडद्यावर हळू फुंकलं की मध्ये फुगीर भिंतींचा ठोकळा तयार होतो. चारदा फसतो, पाचव्यांदा जमतो. कामट्यांचा कंदील वापरू नका, बांबूची कुसळं पापुद्रा फाडतात.

चांदणीतून गोल फुगा येतो आणि सांगाड्यात चौकोनी, असं का? मोकळा फुगा सगळीकडून सारखा आवळतो. आतली हवा तेवढीच ठेवून कमीत कमी कातडीत मावणारा आकार म्हणजे गोल. सांगाड्यातला फुगा मोकळा नसतो, शेजारचे पापुद्रे त्याला धरून ठेवतात. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो या शास्त्रज्ञानं १८७३ साली याचे नियम मांडले: तीन पापुद्रे कडेला भेटतात तेव्हा १२० अंशांचा कोन करून भेटतात. तोपर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेलेली होती. फुगे त्याच्यासाठी इतरांनी बघायचे आणि त्याला सांगायचे.

मूल "असं का?" विचारतं. पृष्ठताण वगैरे सांगायचं का?

शब्द सांगायला हरकत नाही, मुलांना अवघड शब्द आवडतात. पण शब्दाला उत्तर समजू नका. "पाण्याला कातडी असते, ती आवळून बसते. साबण तिला सैल करतो," एवढं पुरतं. साध्या पाण्याची ओढ फार असते, आणि त्याचा फुगा हवेत टिकत नाही. साबणानं ती ओढ सुमारे एक तृतीयांशावर येते.

दाखवायचं असेल तर ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि लिक्विड लावलेलं बोट मध्ये टेकवा. मिरपूड कडेला पळते. पोरं दहा वेळा करायला लावतील, त्यामुळे मिरपूड जपून.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एक बाई आहे जिला विद्यापीठात जाताच आलं नाही: जर्मनीतली आग्नेस पोकेल्स. घरचं स्वयंपाकपाणी, भांडी सांभाळता सांभाळता तिनं पाण्याच्या पृष्ठभागावर तेल-साबणानं काय होतं ते मोजायला साधं उपकरण केलं. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, आणि त्यांनी ते १८९१ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आणलं. "सिंकजवळ काय विज्ञान होणार?" असं म्हणणाऱ्या एका आबांना मी हे सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नातीबरोबर स्वतः आले.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खेळू द्यावं का?

बघू द्या, फुगे पकडू द्या, स्ट्रॉ देऊ नका. एवढं लहान मूल फुंकायच्या जागी ओढतं. त्याला तारेचं मोठं कडं द्या, हवेत फिरवलं की फुगा येतो, फुंकायची गरजच नाही. मोठ्या मुलांच्या स्ट्रॉलाही तोंडाकडच्या बाजूला टाचणीनं दोन भोकं पाडा. चुकून ओढलं तर द्रावण न येता हवा येते. द्रावणाला हात लावण्याआधी आम्ही कोरडी परीक्षा घेतो: टेबलावर एक चिरमुरा ठेवायचा आणि स्ट्रॉनं फुंकून पलीकडच्या कडेला न्यायचा. जमलं की बादलीजवळ प्रवेश.

तोंडात किंवा डोळ्यांत गेलं तर?

डोळ्यांत गेलं तर चोळू देऊ नका, वाहत्या स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. लाली, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे जा. घोटभर गिळलं तर तोंड धुऊन थोडं पाणी पाजा, उलटी मुद्दाम काढू नका. सतत खोकला, उलट्या किंवा श्वासाचा त्रास दिसला तर थांबू नका, दवाखाना गाठा. काही लोक फुगे घट्ट व्हावेत म्हणून टाकणखार घालायला सांगतात. लहान मुलांच्या द्रावणात तो अजिबात नको.

सगळ्यात जास्त अपघात मात्र घसरून होतात. गुळगुळीत फरशीवर हा खेळ मांडू नका. मीच एकदा व्हरांड्यात मांडला आणि मीच पडले. माती, गवत किंवा खडबडीत शहाबादी बरी.

आजूबाजूला पणत्या, फटाके असतात. चालेल?

नाही. फुग्याच्या मागं मागं जाताना पोरगं आपण कुठं जातोय ते बघत नाही. पणत्या लागायच्या आत खेळ आवरा.

फुगा फुटला की आमची मुलगी रडते.

काही मुलं रडतात. तिला फोडायचं काम द्या. टाळी वाजवून, नाकानं, कोपरानं फोडायचं. किंवा लोकरीचा हातमोजा घालून फुगा झेलायला द्या. लोकरीच्या केसांवर फुगा अलगद टेकतो, उसळतोसुद्धा. एकदा तळहातावर फुगा बसला की रडणं विसरते. विसरली नाही तर सोडून द्या, प्रत्येक मुलाला फुगे आवडलेच पाहिजेत असं कुठं आहे?

दिवाळी सोडून इतर सणांना काय करता येईल?

संक्रांतीला पतंग उडवायच्या आधी एक फुगा सोडा, वारा कुठं वाहतोय ते कळतं. नाताळात तारेची चांदणी, आणि काचेच्या बरणीत घुसळलेल्या फेसाचा बर्फ.

रंगपंचमीसाठी ठसे फार सुरेख होतात. वाटीत द्रावण घेऊन त्यात खाण्याचा रंग घट्ट कालवा, स्ट्रॉनं फुंकून फेस वाटीच्या वर येऊ द्या आणि त्यावर जाड कागद अलगद टेकवा. कागदावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. तीन-तीन भिंती भेटलेल्या दिसतात, प्लातोचा तो कोन पोरांनी स्वतः छापलेला. आम्ही याचीच दिवाळीची शुभेच्छापत्रंही करतो. मात्र कोरडा गुलाल किंवा पूड द्रावणात टाकू नका, फुगे बंद.

रंकाळ्यावर मिळते ती तयार बाटली आणली तर?

आणा की. पण तिचं कडं एवढंसं असतं आणि द्रावण दहा मिनिटांत सांडतं. बाटली संपली की तीच घरच्या द्रावणानं भरा.

उरलेल्या द्रावणाचं काय करायचं?

झाकण लावून ठेवलं तर आठवडाभर चांगलं राहतं, साखर घातली असेल तर दोन दिवसांत वास येतो. शेवटी त्यानंच भांडी घासा, किंवा मोरीत ओता. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर फुगे काढायला गेलात तर उरलेली बादली तळ्यात रिकामी करू नका. साबण पाण्याची तीच कातडी सैल करतो जिच्यावर पाणकिडे चालतात, आणि माशांच्या कल्ल्यांनाही तो वाईट. बादली घरी आणा, येताना अंगावर सांडेल, तेवढं चालतं.